पहिला रुपया आवाजावर

कॅमेरा विकत घेतला की खोक्यात एक माहितीपुस्तिका निघते. ती कोणी वाचत नाही. तिच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे यंत्र ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालवावं. सोनी असो वा कॅनन, बहुतेक कंपन्यांचा आकडा हाच. आयफोनची मर्यादा तर ३५ अंशांचीच. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत इथली लग्नसराई ऐन भरात असते. म्हणजे इथला शूटिंगवाला वर्षाची निम्मी कमाई ज्या दिवसांत करतो, ते दिवस कंपनीच्या हिशेबात कॅमेरा चालवण्याचे नव्हेतच.

हा ४० अंशांचा एक आकडा लक्षात ठेवला, तरी स्वस्त सामान कसं निवडावं याचं अर्धं उत्तर मिळतं. मुंबई-दिल्लीचे जाणकार मोबाइलच्या पडद्यावर रोज नवा कॅमेरा तपासून दाखवतात. त्यांच्या खोलीत एसी चालू असतो, बाहेर डीजे नसतो, आणि भटजी मंगलाष्टकांच्या मधेच दुसऱ्याच्या हातात माईक देत नाहीत. भुसावळ, यावल, रावेर, वरणगाव, मुक्ताईनगर या पट्ट्यात एकट्यानं किंवा दोघांनी मिळून शूटिंगचा धंदा करणाऱ्याला सामानाची यादी इथल्या उन्हावर, इथल्या आवाजावर आणि इथल्या दरांवर ताडून घ्यावी लागते. तशी ताडून पाहिली, की खरेदीचा नेहमीचा क्रम पार उलटा होतो. आधी आवाज, मग उजेड, मग स्टँड, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा.

काम काय असतं?

लग्न हे मुख्य पीक. त्याच्या आगेमागे साखरपुडा, हळद, बारसं, वास्तुशांती. हिवाळ्यात शाळांची स्नेहसंमेलनं. अधूनमधून कीर्तन सप्ताह. क्लासवाल्या सरांना गणिताचे धडे चित्रित करून हवे असतात. केळीचा बागायतदार ठिबक किंवा रोपांची माहिती देणारं चॅनल काढतो. निवडणूक आली की उमेदवाराच्या प्रचारफेऱ्या. आणि गेल्या काही वर्षांत अहिराणी गाणी. ‘केसावर फुगे’सारखं खान्देशी गाणं महाराष्ट्रभर गाजलं आणि जळगाव-धुळ्याच्या पोरांना कळलं की गाण्याचं शूटिंग शेताच्या बांधावर, दोन-चार माणसांतही होऊ शकतं.

या प्रत्येक कामाची गरज वेगळी. लग्नाला क्षण पकडावा लागतो, कारण अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. कीर्तनाला सलग दोन तास रेकॉर्डिंग लागतं. क्लासला फळा आणि आवाज स्पष्ट लागतो. गाण्यात आवाज स्टुडिओतून तयार येतो, तिथे सगळा भर चित्रावर. म्हणून ‘सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता?’ या प्रश्नाआधी ‘वर्षभरात माझ्याकडे कोणतं काम जास्त येतं?’ हे वहीत लिहून काढावं.

जुनी शाळा आपल्याच लाइनीवर

कमी सामानात काम करण्याचा धडा घ्यायला लांब जावं लागत नाही. भुसावळहून मुंबईकडे निघालं की चाळीसगाव लागतं. स्टेशनाजवळच्या बंगल्यात कैखुश्रू ऊर्फ केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी आयुष्य काढलं. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन आलेला हा माणूस पुढची जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. त्यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणाची: घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यातून एखादं अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं. त्यांचं कलादालन आजही चाळीसगावात आहे. शूटिंगच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येक पोरानं सामान घेण्याआधी तिथे एक दिवस घालवावा. उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो, हे ज्याला दिसायला लागलं, त्याची निम्मी खरेदी वाचते.

दुसरी शाळा मालेगावची. ते आज नाशिक जिल्ह्यात असलं, तरी धुळ्याच्या हद्दीला लागून आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. मोठ्या स्टुडिओकडे रूळ असतात, त्यांच्यावरून कॅमेरा सरकतो. मालेगावकरांनी ते काम सायकलवर भागवलं. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटामुळे मालेगावच्या सिनेमाचं हे जग बाहेर माहीत झालं, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट झळकला. मालेगावच्या या माणसांकडून घ्यायची गोष्ट जुगाडाच्याही पलीकडची आहे. आपला प्रेक्षक कोण आणि त्याला काय बघायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कोणत्या गोष्टीवर पैसे घालायचे आणि कोणती सायकलवर भागवायची, हे त्यांना ठरवता आलं.

आधी आवाज

चित्र थोडं अंधारलेलं असलं तर घरचे चालवून घेतात. आवाज फाटला तर मुलीचे वडील कॅसेटच्या जमान्यातही भांडत आणि पेनड्राइव्हच्या जमान्यातही भांडतात. फाटलेला आवाज हा भरतात जास्त पडलेल्या मिठासारखा असतो. नंतर काही केल्या निघत नाही. अंधारलेलं चित्र एडिटिंगमध्ये बरंचसं उजळता येतं. म्हणून हाताशी पैसे थोडेच असतील, तर पहिला रुपया माईकवर जावा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा माईक म्हणजे वायरचा कॉलर माईक. बोया कंपनीचा बीवाय-एम१ गावोगावच्या मोबाइल दुकानांत दिसतो; किंमत साधारण हजाराच्या आत-बाहेर. त्याची वायर सहा मीटरची असते आणि आत घड्याळात असते तशी छोटी बॅटरी. त्याच्या खटक्यावर मोबाइल आणि कॅमेरा अशा दोन जागा असतात. खटका चुकीच्या जागी राहिला की आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो. इथेच पिनचा घोळही समजून घ्यावा. मोबाइलच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. एकाचा माईक दुसऱ्यात खुपसायचा तर मधे जोडणी लागते. ती शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि ती नसल्यामुळे अख्खं काम वाया जाऊ शकतं.

आता प्रश्न वायरलेसचा. कपड्याला लावायच्या छोट्या वायरलेस माईकची लाट २०१९ मध्ये रोडच्या वायरलेस गो पासून आली. मग डीजेआय आणि हॉलीलँड आले, आणि आज दोन-तीन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत डझनावारी जोड्या मिळतात. त्यातल्या बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. शिवाय माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. खोक्यावर शंभर-दोनशे मीटरचा पल्ला लिहिलेला असतो, पण तो मोकळ्या मैदानातला. मंगल कार्यालयात हजार माणसं, हजार मोबाइल आणि नवरदेवाभोवती मामांचं कडं असलं की तो पल्ला पार आटतो. म्हणून वायरलेस घ्यायचाच तर ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं, तो घ्यावा. हवेतला आवाज तुटला तरी खिशातला राहतो.

आणि तेवढे पैसे नसतील तर? घरात पडलेला जुना मोबाइल काढा, त्याला वायरचा माईक लावा, फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करा आणि भटजींच्या किंवा वक्त्याच्या खिशात ठेवून द्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकीचं आपोआप जुळतं. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत तर आवाजाच्या लहरींवरूनच जुळणी होते. काम मोठं असेल, तर मोबाइल वेळ आणि फ्रेम थोडी इकडेतिकडे करतो, हे ध्यानात ठेवून अर्ध्या-अर्ध्या तासानं जुळणी तपासावी.

लग्नात आणखी एक सोय असते, ती म्हणजे साउंडवाला. मंगलाष्टकांचा आवाज त्याच्या मिक्सरमध्ये आधीच स्वच्छ आलेला असतो. रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटमधून वायर घेऊन झूम एच१ सारख्या छोट्या रेकॉर्डरमध्ये सोडली, की कर्ण्यातून परत आवाज पकडण्याची गरजच उरत नाही. मात्र ती वायर सरळ कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात घालू नये. मिक्सरचा दाब माईकच्या कितीतरी पट असतो आणि आवाज फाटतो. आणि साउंडवाल्याला आदल्या दिवशी फोन करावा, चहा पाजावा. या धंद्यात ओळखही सामानाइतकीच कामाला येते.

आवाजाची पातळी ठेवताना सुई किंवा पट्टी उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळावी. बोलणारा मधेच ओरडला, बँडवाल्यानं एकदम तुतारी फुंकली, तर वर जागा राहते. वैशाखातल्या वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी हवी. आणि कानाला साधा का होईना, हेडफोन हवाच. जो शूटिंगवाला हेडफोन लावत नाही, त्याला बिघाड घरी गेल्यावरच कळतो.

मग उजेड, आणि पन्नासचा पाढा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा बऱ्याचदा अमेरिकी पद्धतीच्या ३० फ्रेमवर लावलेला असतो. त्यावर १/६० शटर ठेवलं की चित्रात काळे पट्टे फिरू लागतात, आणि लोक म्हणतात, कॅमेरा खराब आहे. कॅमेऱ्यात पाल पद्धत निवडावी, २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवावं, किंवा ५० फ्रेम आणि १/१००. बहुतेक पट्टे जागेवर नाहीसे होतात. याला एक पैसा लागत नाही.

दिव्यांत सुरुवातीला एक एलईडी पॅनल, एक स्टँड आणि पांढऱ्या थर्माकोलचा एक मोठा तुकडा पुरतो. दिवा सरळ चेहऱ्यावर मारण्यापेक्षा थर्माकोलवर मारून परतवला की उजेड मऊ होतो आणि हळदीनं माखलेली नवरी घामेजलेली दिसत नाही. क्लासचे धडे किंवा मुलाखती जास्त असतील तर गोडॉक्सच्या एसएल६० सारखा ६० वॅटचा दिवा आणि सॉफ्टबॉक्स घ्यावा. त्याला पंखा असतो, म्हणून माईकपासून लांब ठेवावा. गोरज मुहूर्तावर उजेड दर मिनिटाला उतरत जातो. अशा वेळी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवत बसण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा दिवा उपयोगी पडतो, कारण ऐनवेळी मंडपातली वीज जाऊ शकते.

स्टँड

लोक कॅमेऱ्यावर साठ हजार घालतात आणि स्टँडवर सहाशे. हलणारं चित्र महागड्या कॅमेऱ्यातूनही हलतंच. व्हिडिओसाठी असलेला, डोकं हळू आणि एकसारखं फिरणारा स्टँड साधारण तीन ते पाच हजारांपासून मिळतो. सिम्पेक्स, डिजिटेक हे देशी ब्रँड बाजारात आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. दुकानात कॅमेरा लावून डावीकडून उजवीकडे फिरवावा. शेवटी झटका बसला, किंवा हात सोडल्यावर डोकं मागे आलं, तर तो स्टँड घेऊ नये. गिंबल हवाहवासा वाटतो, पण तो वरातीत आणि गाण्यातच कामाला येतो. सुरुवातीला तो भाड्यानं आणावा.

शेवटी कॅमेरा

आता कॅमेरा. २०२१ मध्ये आलेल्या सोनी झेडव्ही-ई१० सारख्या मॉडेलनं छोट्या शूटिंगवाल्याची बरीच सोय केली. माईकची जागा, हेडफोनची जागा, बदलता येणारी लेन्स आणि चेहऱ्यावर चिकटून राहणारा फोकस एका यंत्रात आला. मात्र घेताना नावापेक्षा भोकं मोजावीत. कॅनन १५००डी फोटोसाठी खूप खपला, पण त्याला बाहेरचा माईक लावायची जागाच नाही. व्हिडिओचा विचार असेल, तर तिथेच थांबावं. काही जुन्या मॉडेलांत फोर-के निवडलं की फोकसची चांगली पद्धत बंद पडते आणि चित्र कापलं जातं. पुष्कळ जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपणहून थांबतात. कीर्तन मात्र तेव्हा थांबत नाही.

म्हणूनच सोनी एमसी२५०० सारखे खांद्यावरचे जुने कॅमेरे अजून मोडीत निघालेले नाहीत. सेन्सर छोटा, अंधारात चित्राला दाणे येतात, पण तासन्‌तास सलग चालतात आणि झूम मोठा आहे. स्नेहसंमेलन, कीर्तन, सभा यांचंच काम जास्त असेल तर सेकंडहँड खांद्याचा कॅमेरा नव्या मिररलेसपेक्षा शहाणपणाचा ठरू शकतो.

लेन्समध्ये पहिली जादा खरेदी ५० मिमी एफ/१.८. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते. तिच्या तुलनेत ही लेन्स नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. म्हणजे नवा कॅमेरा न घेताही रात्रीचं शूटिंग सुधारतं.

सेकंडहँड घेताना काही गोष्टी न चुकता बघाव्यात. लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहावं. पांढऱ्या भिंतीचं शूटिंग करून ठिपके शोधावेत. शटरच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण व्हिडिओचे तास त्यात मोजले जात नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं, अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करून कॅमेरा तापून बंद पडतो का, हे बघावं. ही चाचणी विकणाऱ्याच्या एसी दुकानात न करता बाहेर उन्हात करावी.

आणि पुन्हा उन्हाकडे. लग्नाला फोर-केची गरज सहसा नसते. फुल एचडीवर यंत्र कमी तापतं. पडदा कॅमेऱ्याच्या पाठीपासून उघडून ठेवला की उष्णता सुटते. दोन विधींच्या मधे कॅमेरा बंद करावा. वर पांढरं उपरणं किंवा छत्री धरावी. मोबाइलचं कव्हर काढावं आणि रेकॉर्डिंग करताना चार्जिंगला लावू नये. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सामान ठेवू नये. केळीच्या बागेत आणि काळ्या मातीच्या धुळीत लेन्स बदलू नये.

कार्डावर काटकसर करू नये. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी खातं. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्यावं, आणि बाजारात नकली कार्डं मुबलक असल्यामुळे घरी आल्यावर संगणकावर पूर्ण भरून तपासावं. लग्न झालं की त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी प्रत करावी. दोन प्रती होईपर्यंत कार्ड पुसू नये.

ड्रोनची हौस

लग्नाच्या ऑर्डरीत हल्ली ड्रोन मागतात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं आणि सरकारी नकाशावर ती जागा कोणत्या रंगात आहे, हे पाहावं लागतं. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. भुसावळच्या माणसानं तर दोनदा विचार करावा. इथे आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, आणि शहराच्या मधोमध रेल्वेचं प्रचंड यार्ड. परवानाधारक माणसाला रोजावर बोलवावं आणि त्याची रक्कम ऑर्डरीत धरावी. स्वतःचा ड्रोन घेऊ नये.

पैशाचा मेळ

मोबाइल हाताशी धरून सुरुवात करायची, तर वायरचा माईक, हेडफोन, स्टँड, मोबाइलचा चिमटा, एक एलईडी, पॉवर बँक आणि हार्ड डिस्क एवढं पंधरा-सोळा हजारांत बसतं. क्लास, छोट्या मुलाखती, बारसं यांना ते पुरतं. त्या कमाईतून दुसरा टप्पा: माईकची जागा असलेला सेकंडहँड कॅमेरा आणि ५० मिमी लेन्स, म्हणजे आणखी पस्तीस-चाळीस हजार. नवा कॅमेरा आणि चांगला वायरलेस हा तिसरा टप्पा. तो लाखाच्या पुढे जातो. पहिली दोन पावलं टाकल्याशिवाय तिसरं टाकू नये.

घ्यावं की भाड्यानं आणावं? एखाद्या वस्तूचं वर्षभराचं भाडं तिच्या निम्म्या किमतीच्या आत राहत असेल, तर भाडंच बरं.

बरेच जण रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातात आणि फोर्टातल्या बोरा बाजारातून सामान आणतात. तिथे बिलाशिवाय स्वस्त माल पुढे केला जातो. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे बिन बिलाचा भाव गोड वाटतो. पण त्या मालाला भारतातली वॉरंटी नसते, चोरी झाली तर विमा मिळत नाही आणि बँक त्याला मालमत्ता मानत नाही. अनुक्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घ्यावं.

कर्ज काढायचं तर २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. शूटिंगच्या धंद्यातलं महाराष्ट्राचं सगळ्यात प्रसिद्ध कर्ज दादासाहेब फाळक्यांचं. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी छोटीशी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. आधी नमुना, मग पैसा. आजच्या पोरानंही बँकेत जाण्याआधी हाती असलेल्या मोबाइलवर दोन मिनिटांचा चांगला नमुना करावा. ग्राहक तोच बघून ऑर्डर देतो. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हे विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो.

ऑर्डर घेताना विसार, उरलेली रक्कम कधी, व्हिडिओ किती मिनिटांचा आणि किती दिवसांत, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. हेही सामानच आहे.

दिवाळीत दुकानांत सवलती असतात आणि तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. खरेदीला निघण्याआधी एक संध्याकाळ काढा. हाती असलेल्या मोबाइलवर घरच्याच कोणाची पाच मिनिटांची मुलाखत घ्या आणि हेडफोन लावून ऐका. त्यात जे सगळ्यात वाईट वाटेल, त्यावर पहिले पैसे खर्च करा. दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत तो आवाज असेल.